देवाकडे तक्रार कशी करावी

माझ्या यजमानांना दिवसाला मोजूनच पाणी पिता येतं. मूत्रपिंडं काम करत नाहीत. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, डायलिसिसच्या मशीनला जोडून ते बाहेर काढावं लागतं. चहा, सूप, रसाळ फळ, गोळीबरोबरचा घोट हे सगळं त्याच हिशेबात येतं. तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळायचा, आणि तोसुद्धा मोजायचा.

आमच्या प्रार्थनासभेत बायबलमधलं ४२वं स्तोत्र, पाण्याच्या प्रवाहासाठी लुलपणाऱ्या हरिणीचं, नेहमी गोड चालीवर म्हटलं जातं. एकदा ते ऐकून हे मला हळूच म्हणाले, "अगं, हे लिहिणाऱ्याला खरंच तहान लागलेली असणार. चाल लावणाऱ्याला नाही." तेव्हापासून मी विलापाची स्तोत्रं वेगळ्या कानांनी वाचायला लागले. दुःखात असलेली माणसं मला विचारायला लागली, की तुम्ही प्रार्थना तरी कशी करता. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुःख का येतं हा इथला विषय नाही. बायबलमधल्या, दुःखाने पोळलेल्या ईयोबाच्या पुस्तकात ४२ अध्याय आहेत, आणि शेवटपर्यंत ईयोबाला कारण सांगितलेलं नाही. इथे फक्त कृती आहे: दुखत असताना देवाशी बोलायचं कसं. मी निवृत्त शिक्षिका आहे, धर्मशास्त्र शिकलेली नाही. शिक्षिकेची खोड म्हणून मधूनमधून 'हे वहीत लिहा' असं म्हणेन, ते चालवून घ्या.

आधी झोपा, जेवा

एलीयाची गोष्ट १ राजे, अध्याय १९ मध्ये आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवल्यावर हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला तिथे उपदेश केला नाही. एलीया झोपला. दूताने त्याला उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. देवाशी खरं बोलणं झालं ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगर गाठल्यावर.

म्हणून पहाटे तीन वाजता, जागरणाने डोळे चुरचुरत असताना, देवाशी सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसू नका. त्या वेळी 'प्रभू, दया कर' एवढं पुरे. मोठी तक्रार सकाळी, काहीतरी खाऊन झाल्यावर.

झोपून-खाऊनही जगणं नकोसंच वाटत राहिलं, मरणाचे विचार येत असले, तर स्तोत्र बाजूला ठेवा आणि आजच घरातल्या कुणाला आणि डॉक्टरांना सांगा. एलीयाकडे दूत आला होता. औषध लिहून देणारा माणूस दूत असू शकत नाही, असं पवित्र शास्त्रात कुठे म्हटलेलं नाही.

स्तोत्र निवडताना

१५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. उपासनेला नियमित जाणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं, कारण तिथे २३, १००, १२१ हीच फिरून फिरून वाचली जातात. मला त्यांचं वावडं नाही. पण ज्याचं घर आत्ता कोसळलं आहे, त्याच्या हातात १००वं, आनंदाने गाण्याचं, स्तोत्र देणं मला क्रूर वाटतं.

सुरुवात १३व्यापासून करा. अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा 'कोठवर' विचारतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरत राहू, कोठवर शत्रू माझ्यावर वरचढ राहणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश येऊ दे. पाचव्या-सहाव्यात एकदम सूर बदलतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन.

पहिल्या दिवशी फक्त पहिली दोन वचनं वाचा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. पाचव्या वचनाकडे धावू नका. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधल्या कोऱ्या जागेत किती दिवस गेले, की वर्षं गेली, हे दाविदाने लिहिलेलं नाही. आपण मात्र ते अंतर अर्ध्या मिनिटात पार करतो, आणि मग आपल्याला भरवसा का वाटत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावतो.

पुढे गरजेप्रमाणे निवडा. अंथरुणाला खिळलेल्यासाठी ३८ आणि १०२. १०२ मध्ये झोप न येणारा माणूस स्वतःला छपरावर एकट्याच पडलेल्या चिमणीसारखा म्हणतो. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५. इतरांचं सगळं छान चाललेलं पाहून जीव जळत असेल तर ७३. ते लिहिणारा आसाफ तिथे सरळ कबूल करतो की दुष्टांचा हेवा करता करता माझा पाय घसरायच्या बेतात होता. म्हातारपणात टाकून दिल्यासारखं वाटत असेल तर ७१. स्वतःचीच चूक डाचत असेल तर ५१. रात्र सरत नसेल तर १३०.

आणि काहीच उरलं नसेल तर ८८.

हे स्तोत्र मी सहसा आपणहून कुणाला देत नाही, पण ते आहे एवढं सांगून ठेवते. एज्राही हेमानाच्या नावावर असलेल्या या स्तोत्रात सूर बदलतच नाही. पहिल्या वचनात तो देवाला माझा तारणकर्ता म्हणतो, आणि तिथून उतरत उतरत शेवट काळोखात होतो. शेवटी आशेची एखादी ओळ कुणाला सहज जोडता आली असती. कुणी जोडली नाही, आणि कुणी हे स्तोत्र गाळलंही नाही. हजारो वर्षं ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात जसंच्या तसं आहे. म्हणजे काळोखात संपणारी प्रार्थनाही प्रार्थनाच धरली गेली. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला: अनेक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. मला धक्का बसला नाही. मला ८८वं स्तोत्र आठवलं.

वाचायचं ते मोठ्याने, निदान ओठ हलवून. मनातल्या मनात वाचलं की डोळे कठीण वचनांवरून घसरतात. रुग्णाला पुस्तक हातात देऊ नका. डायलिसिसच्या वेळी एका हातात सुया असतात, तो हात हलवायचा नसतो, आणि दुसऱ्या हाताने जाड पुस्तक सांभाळत पानं उलटणं जमत नाही. मी मोठ्या अक्षरांत एकेक स्तोत्र कागदावर लिहून काढते आणि समोर दिसेल असं लावते. ही युक्ती माझी नाही. इ. स. ४३० मध्ये हिप्पो शहराला वांडाल सैन्याचा वेढा पडलेला असताना बिशप ऑगस्टीन मरणशय्येवर होते. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन समोरच्या भिंतीवर लावली होती आणि ती वाचता वाचता ते रडत असत. त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या पॉसिडियस या त्यांच्या शिष्याने हे नोंदवून ठेवलं आहे. सगळ्या ख्रिस्ती जगाला शिकवणारा माणूस, पण शेवटच्या दिवसांत त्याने भिंतीवर स्वतःचे ग्रंथ लावले नाहीत.

स्वतःची तक्रार लिहायची तर

काही दिवस दुसऱ्याचे शब्द वापरल्यावर स्वतःचे सुचू लागतात. मग वही घ्या.

पहिल्या ओळीत देवाला हाक मारा. पित्या, प्रभू, परमेश्वरा, जे तोंडात येईल ते. ही ओळ टाळू नका, कारण सगळा फरक तिच्यात आहे. रानात इस्राएल लोक आपापल्या तंबूंत बसून देवाविषयी कुरकुर करत होते. स्तोत्रकर्ते त्याहून तिखट बोलतात, पण देवाच्या तोंडावर बोलतात. तुम्ही देवाविषयी जे जावेला सांगता, नणंदेला सांगता, तेच वाक्य 'तो' काढून 'तू' घालून लिहा. देव माझं ऐकत नाही, असं म्हणत असाल तर 'तू माझं ऐकत नाहीस' असं लिहा. लिहिताना हात अडखळेल. अडखळू द्या.

मग जे झालं ते नेमकं लिहा. 'आमच्या अडचणी तुला ठाऊकच आहेत' असलं सभेतलं वाक्य वहीत नको. त्याला ठाऊक आहेत हे बरोबर, पण तुम्ही अजून त्या बोललेल्या नाहीत.

त्यानंतर मागणं. मोठं मागा आणि लहानही मागा. 'यांना बरं कर' याच्याच खाली 'आज रात्री पायात गोळे येऊ देऊ नकोस' असंही लिहा. लहान मागणं लिहायला संकोच वाटतो, पण दिवस त्यावरच निभतो.

जमलं तर देवाला त्याचीच जुनी कृत्यं आठवण करून द्या. २२व्या स्तोत्रात दावीद तेच करतो: आमच्या पूर्वजांनी भरवसा ठेवला, तू त्यांना सोडवलंस, मग मला का नाही? याला उद्धटपणा म्हणायचं तर म्हणा. पण वधस्तंभावर येशूच्या तोंडी याच स्तोत्राची पहिली ओळ होती. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही ओळ येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय आणि मार्क दोघांनीही नोंदवली आहे. पुत्र ज्या शब्दांत बोलला ते वापरायला आपल्याला वेगळी परवानगी लागत नाही.

शेवटी 'तरीही' या शब्दापुढे जागा सोडा. काही सुचलं तर भरा. नसेल तर तारीख घालून वही मिटा. माझ्या वहीत अशा पुष्कळ जागा कोऱ्या आहेत, आणि त्या नंतर भरून काढाव्यात असं मला वाटलेलं नाही.

नमुना म्हणून माझी एक तक्रार देते. छापण्यासाठी लिहिली नव्हती, म्हणून ओबडधोबड आहे:

"प्रभू, आज त्यांचा रक्तदाब एकदम उतरला आणि मशीन मध्येच थांबवावं लागलं. ते पांढरे पडले होते. मी हात धरून उभी होते आणि तू कुठे होतास ते मला दिसलं नाही. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. मला रडायचं होतं, पण औषधांच्या वेळा होत्या. भाचीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. फोटो आले, मी बघितले नाहीत. तू लग्नात पाण्याचा द्राक्षारस केलास आणि इथे एक ग्लास पाणी तुला देता येत नाही? हे मला कळत नाही आणि मला राग आला आहे. त्यांना आज शांत झोप लागू दे. मलाही. तू माझ्या आईला शेवटच्या आजारात भीती वाटू दिली नाहीस, ते मी विसरले नाही. तरीही"

पुढे तारीख.

हवंय ते हवंय म्हणा

विश्वासात वाढलेल्या आपल्यासारख्यांना एक सवय असते. देवाने विचारलं, तुला काय हवं, की आपण शहाण्या मुलासारखं उत्तर देतो: तुझी इच्छा पूर्ण होवो. मार्कच्या दहाव्या अध्यायात बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत येशूकडे येतो आणि येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्या माणसाला काय हवं असणार, हे कुणीही सांगेल. तरी येशूने ते त्याच्या तोंडून वदवलं.

हाच प्रश्न वहीत वर लिहा आणि खाली उत्तरं लिहीत जा. पहिलं उत्तर बहुतेक सभ्य असेल, 'शांती', 'सहनशक्ती'. ते खोटं नसतं, पण तिथे थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला खरं येतं. मूल. नवरा परत यावा. आईने एकदा तरी कौतुक करावं. यजमानांनी माझ्या सांगण्यावरून हे केलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, "पूर्ण भरलेला ग्लास, उभ्याने, एका दमात. आणि पिऊन झाल्यावर कुणी वजन करायचं नाही."

हन्नाची गोष्ट (१ शमुवेल, अध्याय १) या सरावासाठी जरूर वाचा. तिला मूल हवं होतं. सवत पेनिन्ना टोचून बोलायची. नवरा एलकाना प्रेमळ होता आणि त्याने तिची समजूत घातली: दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही काय? (नवऱ्यांनी हे वाक्य वाचून ठेवावं आणि कधीही वापरू नये.) ती मंदिरात गेली, ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ती प्यायलेली आहे. तिने त्याला ठामपणे सांगितलं की मी माझं मन परमेश्वरापुढे ओतते आहे. मला त्या गोष्टीतलं १८वं वचन महत्त्वाचं वाटतं. प्रार्थनेनंतर ती जेवली आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. पुढे झालेला तिचा मुलगा शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. या गोष्टीतून कुणी हमी काढू नये. हन्नासारखं रडलेल्या कितीतरी बायकांची कूस उजवली नाही. पण मागणं ओतून टाकल्याचा परिणाम त्या दिवशी तिच्या भुकेवर दिसला, एवढं तिथे लिहिलेलं आहे.

इथे मला थोडं भांडायचं आहे. ऑगस्टीनची एक ओळ प्रवचनांत फार येते: तू आम्हांला तुझ्यासाठी निर्माण केलंस, आणि तुझ्या ठायी विसावेपर्यंत आमचं अंतःकरण अस्वस्थ असतं. ओळ खरी आहे, मला प्रियही आहे. पण तिचा उपयोग पुष्कळदा दुखणाऱ्या माणसाचं तोंड बंद करायला होतो. तुला मूल हवं असं वाटतं, पण खरं म्हणजे तुला देव हवा आहे. तुला सोबत हवी असं वाटतं, पण खरी ओढ देवाची आहे. म्हणजे आमच्या घरातली तहान ही तहानच नव्हे! येशू वधस्तंभावर 'मला तहान लागली आहे' असं म्हणाला (योहान १९:२८), तेव्हा लोकांनी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर लावून त्याच्या तोंडाशी धरला आणि त्याने तो घेतला. त्याचा घसा खरोखर कोरडा होता. २२व्या स्तोत्रात जीभ टाळूला चिकटलेली आहे, ६९व्यात ओरडून घसा कोरडा पडला आहे. ४२व्या स्तोत्रातली हरिणी पाण्यावाचून तडफडते, म्हणूनच देवावाचूनची तडफड तिच्यावरून कळते. तिची तहान खोटी म्हटली तर ते स्तोत्रच उरत नाही. तेव्हा इच्छांची चाळणी करत बसू नका, ही आध्यात्मिक, ही ऐहिक. जशा आहेत तशा समोर ठेवा. त्यांच्या तळाशी आणखी काही असेल तर ते दाखवायचं काम देवाचं आहे, शेजारच्या बाकावरच्या माणसाचं नाही.

राग आला तर

१०९ आणि १३७ ही स्तोत्रं आहेत. १३७ची सुरुवात बाबेलच्या नद्यांकाठी रडण्याने होते म्हणून लोक ती गातात, आणि शेवट इतका भयंकर आहे की तो गाळतात. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने गाळू नये. सूड घ्यायची इच्छा हातात ठेवण्यापेक्षा देवाच्या हवाली केलेली बरी, एवढाच त्याचा उपयोग. दार लावून वाचा, मुलांसमोर नको, आणि वाचून झाल्यावर लगेच कुणाला फोन करू नका.

उत्तर 'नाही' आलं तर

हृदय अशक्त असल्यामुळे यजमानांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही त्याच गोष्टीसाठी प्रार्थना करत होतो. तेव्हा हा भाग मी ऐकीव लिहीत नाही.

वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना मार्कने तीन पायऱ्यांत दिली आहे (१४:३६). बापा, तुला सर्व शक्य आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपण मधली पायरी गाळतो. येशूने गाळली नाही, आणि एकदा म्हणून सोडलीही नाही. तो तीनदा त्याच प्रार्थनेकडे परतला. इब्री लोकांस पत्रात (५:७) मोठ्या आक्रोशाचा आणि आसवांचा उल्लेख आहे, आणि त्याचं ऐकण्यात आलं असंही म्हटलं आहे. ऐकलं गेलं, तरी वधस्तंभ टळला नाही. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून मी अजून बसते.

प्रेषित पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा कोणता हे कळत नाही, आणि तो निघाल्याचंही लिहिलेलं नाही. 'माझी कृपा तुला पुरे' हे उत्तर त्याला मिळालं. हे वचन कृपा करून दुसऱ्याला चिकटवू नका. पौलाला ते प्रभूने सांगितलं होतं, भेटायला आलेल्या मंडळींनी नाही.

'नाही' नंतर करायचं काम म्हणजे मागणं थांबवायचं नाही, बदलायचं. आता काय मागता येईल, हे वहीत लिहा. आम्ही रात्री गोळे न येण्याचं मागितलं, सुई एका टोचण्यात लागावी हे मागितलं, एक लहानसा प्रवास घडावा हे मागितलं. काही मिळालं, काही नाही.

शब्दच येत नसतील तेव्हा

रोमकरांस पत्रातलं ८:२८ सगळ्यांना पाठ असतं, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. २२व्या वचनापासून वाचत या. आधी सारी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही म्हणून पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. एवढं कण्हून झाल्यावर २८वं वचन येतं. तुम्ही २२वर असाल तर २२वर राहा. कण्हणं पुरेसं आहे.

आणि माणसं धरा. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून छपरातून खाली सोडलं. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. खाटेवरचा माणूस त्या वेळी काय मानत होता, याची तिथे चौकशी नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करतील अशी तीन-चार माणसं ठरवा आणि त्यांना स्पष्ट सांगा: सध्या माझ्याच्याने होत नाही, तुम्ही करा.

शेजारी बसणाऱ्यांना

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते बोलायला लागले. त्यांची वाक्यं सुटी काढून पाहिली तर बरीचशी उपदेशात शोभतील अशी आहेत. शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. तक्रार करणारा बरोबर ठरला आणि देवाची बाजू घेणारे चुकले.

म्हणून ही वाक्यं नकोत: देव झेपेल तेवढंच देतो. यामागे काहीतरी योजना असेल. तुमच्यापेक्षा वाईट अवस्था असलेले लोक आहेत. विश्वास वाढवा. आमच्याकडे हे सगळं बोलून झालं आहे, बहुतेक वेळा बोलणारा दाराशी चपला घालत असताना.

लाजराच्या मृत्यूनंतर मार्था आणि मरीया दोघींनी येशूला तेच वाक्य ऐकवलं: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया पायाशी पडून रडत होती, तिच्यापुढे त्याने शिकवण मांडली नाही, तो रडला. पुढच्या काही मिनिटांत आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही. कुणाला बोलणं हवं आहे आणि कुणाला रडणं, हे ओळखायला समोरच्याकडे थोडा वेळ नीट पाहावं लागतं. ओळखता आलं नाही तर गप्प बसा, चूक कमी होते. आणि काम उचला. मंडळीतल्या एका मुलीने मला सांगितलं, "काकू, गुरुवारी मशीनच्या वेळेला मी काकांजवळ बसते, तुम्ही घरी झोपा." मला मिळालेलं सगळ्यात चांगलं प्रवचन तेच.

मंडळीत

हे सगळं एकट्याने घरात करायचं नाही. महिन्यातून एका रविवारी उपासनेत विलापाचं एक स्तोत्र पूर्ण वाचावं, असं पाळकांना सुचवा. कठीण भाग गाळू नयेत. वधस्तंभाचं स्मरण करायच्या दिवसांत विलापगीत घेता येईल. यरुशलेमचा नाश झाल्यावरची ही पाच गीतं आहेत. पहिली चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत, आणि प्रभूची दया रोज सकाळी नवी असते हे वचन तिसऱ्यात आहे. लोक तेवढंच वाचतात. पाचवं गीत शेवटपर्यंत वाचा. शेवट, तू आम्हांला अगदीच टाकून दिलं आहेस काय, अशा अर्थाच्या वचनावर होतो. ते ऐकवत नाही म्हणून यहूदी सभास्थानात त्याच्या आधीचं वचन पुन्हा म्हणून वाचन संपवतात. तुम्हीही तसं करू शकता.

वाचनानंतर दोन-तीन मिनिटं शांतता ठेवा आणि वाद्यवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी सवयीने सूर धरतो. त्यानंतरचं गीत जलद नको. वाचायला शक्यतो अशा व्यक्तीला सांगा, जिचं स्वतःचं सध्या बरं चाललेलं नाही. तिने नको म्हटलं तर आग्रह करू नका. आणि वाचन झाल्याबरोबर पाळकांनी त्याचा अर्थ समजावून सांगायला उभं राहू नये. पुढच्या रविवारी सांगितला तरी चालतो.